घोषणेतले कारवार

दरवर्षी १ नोव्हेंबर उजाडला की आम्ही मच्छेची मंडळी काळ्या फिती लावून बेळगावची वाट धरतो. कुणी सायकलवर, कुणी मोटारसायकलवर, कुणी मिळेल त्या वाहनाने. काळ्या दिनाची फेरी मूक म्हणून निघते; पण तोंडे बंद राहत नाहीत. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आमच्या आजोबांनी दिली, वडिलांनी दिली, आम्हीही देत आलो. ती इतकी तोंडात बसली आहे की तिच्यातील शब्दांकडे आता कुणी पाहत नाही.

अशाच एका फेरीहून परतताना आमच्यातल्या एका शाळकरी पोराने विचारले, "काका, कारवार म्हंजे कुठं वो? लांब हाय काय?"

आम्ही चौघे मोठे होतो. एकजण म्हणाला, "गोव्याच्या पल्याड." दुसरा म्हणाला, "समुद्र हाय बघ तिथं." तिसऱ्याने अणुवीज केंद्राचे नाव घेतले. चौथा गप्प राहिला. चौघांपैकी एकानेही कारवार पाहिलेले नव्हते. निपाणीला आमच्या मुली दिल्या आहेत, बिदर-भालकीकडचे पाहुणे अधिवेशनाला भेटतात. पण ज्या गावाचे नाव आम्ही अर्धे आयुष्य ओरडलो, ते कसे वसले, तिथली माणसे घरात काय बोलतात, ते आपल्या घोषणेत कसे आले, यातले आम्हांला काहीच सांगता येईना. त्या दिवशी खरोखर लाज वाटली. म्हणून आम्ही कारवारची माहिती जमवू लागलो आणि एकदा प्रत्यक्ष जाऊनही आलो. जे कळले ते सीमाभागातील वाचकांपुढे ठेवतो आहोत. त्यातले सगळेच आपल्या सोयीचे नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

आपल्याच रस्त्याच्या टोकाला

कारवार आपल्याला वाटते तेवढे परके नाही. मच्छेवरून जाणारा खानापूर रस्ता धरावा, लोंढ्यापुढे रामनगर गाठावे, तिथून जोयड्याकडे वळावे आणि अणशी घाटाच्या दाट रानातून कद्र्याला उतरावे. मग काळी नदी सोबतीला येते आणि तिच्या मुखाशी कारवार लागते. अर्धा दिवस मोडतो, पण रस्ता आपल्या दारातूनच निघतो.

नदीच्या दक्षिणेला शहर, उत्तरेला टेकडीवर सदाशिवगड, समोर समुद्रात अंजदीव, कूर्मगड, देवगड ही बेटे. डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरलेले, म्हणून बैतकोलच्या बंदराला वाऱ्यापासून आडोसा मिळतो. कारवारचा सारा इतिहास या आडोशाने घडवला आहे. चांगले बंदर ज्याच्या दारात असते त्याच्या दारात साऱ्या जगाचे लोक येतात, आणि त्याच्या नशिबाचे निर्णयही जगभर कुठेतरी होत असतात.

मूळचे व्यापारी गाव म्हणजे नदीच्या आत असलेले कडवाड. कारवार हे नाव त्यावरूनच आले असे मानतात. वास्को द गामा १४९८ मध्ये पहिल्या सफरीहून परतताना अंजदीव बेटावर थांबला होता. १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. पुढे १६६२ मध्ये मुंबई ताब्यात घ्यायला आलेल्या इंग्रज शिपायांना पोर्तुगिजांनी मुंबईत उतरूच दिले नाही. ते याच बेटावर येऊन राहिले. पावसाने आणि रोगराईने शेकडो माणसे मेली, त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमनही तिथेच वारला. उरलेले मूठभर शिपाई १६६५ मध्ये मुंबईत पोचले. ज्या मुंबईसाठी पुढे १०५ हुतात्मे झाले, तिच्या इंग्रजी अमलाचे पहिले पान असे कारवारच्या समुद्रात लिहिले गेले आहे.

वखार, हुबळीचे कापड आणि शिवाजीमहाराज

इंग्रजांची कारवारची वखार १६३८ मध्ये सुरू झाली. ती कोर्टीन नावाच्या व्यापाऱ्याच्या मंडळीने उघडली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. मिरी, वेलदोडे आणि मुख्यतः तलम कापड यांचा इथे व्यापार चाले. कापड मात्र कारवारात विणले जात नव्हते. ते घाटावर, हुबळीच्या बाजूला विणले जाई, बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येई आणि गलबतात चढे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा समुद्र आणि घाटमाथा हे एकाच व्यवहाराचे दोन हात होते.

हा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचा. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजीमहाराजांनी बसरूरवर आरमारी स्वारी केली. परतताना गोकर्णाला दर्शन घेऊन ते अंकोल्यावरून कारवारला आले. विजापूरचा सरदार शेरखान तिथे होता. त्याने गाव वाचवण्यासाठी रदबदली केली आणि महाराजांनी खंडणीवर भागवले. इंग्रजांच्या वाट्याला ११२ पौंड आले, ते त्यांनी मुकाट्याने भरले. १६७३ मध्ये मराठी फौजांनी हुबळी लुटली, त्यात कारवारच्या वखारीने घेऊन ठेवलेला माल गेला. त्याच्या भरपाईसाठी इंग्रज पुढे कितीतरी दिवस तगादा लावीत होते. १६७५ मध्ये फोंडा जिंकल्यावर कारवार, अंकोला, शिवेश्वर हा पट्टा स्वराज्यात आला.

पण तो कायमचा राहिला नाही. पुढे सोंद्याच्या राजांनी सदाशिवगड बांधला, १७५२ मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला आणि त्यांनी व्यापारावर हक्क सांगताच इंग्रजांनी गाशा गुंडाळला. मग हैदर आला, टिपू आला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर सारा कानडा जिल्हा कंपनीकडे गेला आणि मद्रास इलाख्याला जोडला गेला.

हे इथे मुद्दाम सांगतो. महाराजांचा घोडा जिथे जिथे गेला ते सारे आपले, असे आपण सभेत बोलून जातो. ऐकायला ते बरे वाटते. पण कारवारवर आदिलशाही, मराठे, सोंदे, पोर्तुगीज, म्हैसूर, मद्रास असे एकामागून एक अंमल झाले. राजा बदलला म्हणून कोळ्याने जाळे टाकण्याचे थांबवले नाही आणि घरातली बोलीही बदलली नाही. राज्य कुणाचे यावरून भाषा ठरत नाही, हे सूत्र आपण बेळगावच्या बाबतीत नेहमी मांडतो. मग ते कारवारलाही लावले पाहिजे.

कापसाने ओढलेली रेघ

आता आपल्या कामाची गोष्ट. कारवार मुंबई इलाख्यात आले ते भाषेमुळे नव्हे, कापसामुळे.

धारवाड भागातला कापूस त्या काळी बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठ्याच्या बंदरावर जाई. 'कुमठा' हे त्या कापसाचे नावच पडले होते. पण कुमठ्याला आडोसा नाही. पावसाळ्यात जहाज उभे राहू शकत नाही. कारवारला बंदर उत्तम, तर तिथपर्यंत धड रस्ता नव्हता. धारवाड मुंबई इलाख्यात आणि कारवार मद्रास इलाख्यात, अशी गंमत होती. मद्रास सरकारला धारवाडच्या कापसाचे सोयरसुतक नव्हते. तशात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची आठवण झाली. तिथल्या एका कंपनीने कापूस दाबण्याची यंत्रे जहाजातून थेट सदाशिवगडच्या किनाऱ्यावर आणली. येऊन पाहतात तो घाटाचा रस्ता पुरा झालेला नाही! यंत्रे किनाऱ्यावर पडून राहिली आणि विलायतेत आरडाओरडा झाला. अखेर १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला.

आजचे कारवार शहर वसले ते या निर्णयानंतर. त्याआधी तिथे कोळ्यांच्या वस्त्या आणि भातशेती होती. आता जिल्ह्याचे ठाणे आले, कचेऱ्या आल्या, न्यायालय आले, देवगड बेटावर दीपगृह उभे राहिले. वकील, कारकून, मास्तर आले. शेणवी-सारस्वत कुटुंबांतली मुले शिकून मुंबईला नोकरीला जाऊ लागली. मुंबईशी नाते जडले तसे मराठीशीही जडले. घरात कोंकणी, शाळेत मराठी किंवा कानडी, देवळात मराठी कीर्तन आणि पोथी, रंगमंचावर मराठी नाटक, असा संसार तिथे सुरू झाला. मुंबईच्या एका हुकमाने हे घडले. १८६२ साली विलायतेतल्या गिरण्यांना कापूस पुरेसा मिळाला असता, तर कारवार मद्रासकडेच राहिले असते आणि आपल्या घोषणेत त्याचे नावही आले नसते.

रेल्वे लोंढ्याहून वळली

बंदर झाले, ठाणे झाले. आता रेल्वे येणार, कारवार दुसरी मुंबई होणार, असे त्या वेळी अनेकांना वाटत होते. हुबळीहून कारवारला लोहमार्गाच्या योजना कागदावर आल्या. पण युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. उत्साह ओसरला. तिकडे पोर्तुगीज सरकारशी करार होऊन मुरगावचे बंदर रेल्वेने जोडायचे ठरले. १८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावला आली. १८८८ च्या सुमारास लोंढा, कॅसलरॉकवरून गाडी मुरगावला पोचली.

देसूर स्टेशनवरून रोज गाड्या जाताना आम्ही पाहतो. या रुळांनी किती गावांचे नशीब पालटले, याचा विचार मनात येत नाही. बेळगावच्या छावणीला लागणारा माल पूर्वी आंबोली घाटाने वेंगुर्ल्याहून येई. रेल्वे आली आणि वेंगुर्ला मागे पडले. धारवाडचा कापूस कारवारला जायचा होता. रेल्वे गोव्याकडे वळली आणि कारवारही मागे पडले. कारवारला आगगाडी पोचायला पुढची शंभरावर वर्षे लागली. ती कोकण रेल्वेने पोचली, आणि सबंध कोकण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. हुबळी-अंकोला मार्ग मंजूर होऊन पाव शतक उलटले, त्यावरून अजून एकही गाडी धावलेली नाही.

रेल्वे नाही म्हणून कारवार कचेरीचे, शांत आणि काहीसे एकाकी गाव होऊन राहिले. पण या एकाकीपणाने त्याला एक वेगळा मान मिळवून दिला. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीतले पहिले भारतीय. ते मुंबई इलाख्यात नोकरीला होते, मराठी शिकले होते, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. ते कारवारला न्यायाधीश असताना त्यांचे धाकटे भाऊ रवींद्रनाथ १८८३ मध्ये त्यांच्याकडे येऊन राहिले. बावीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक तिथे लिहिले. आज तिथला समुद्रकिनारा त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आणखी एक नाव आपल्या अधिक जवळचे. काकासाहेब कालेलकर यांच्या घराण्याचे नाते आपल्या बेळगाव तालुक्यातील बेळगुंदीशी. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे त्यांच्या बालपणाचा काही काळ कारवारात गेला आणि समुद्राची ओढ त्यांना तिथेच लागली. मराठी घरात वाढलेल्या या माणसाने पुढे आपले बहुतेक लेखन गुजरातीत केले आणि त्या भाषेने त्यांना डोक्यावर घेतले. भाषेवर प्रेम करणाऱ्याला दुसऱ्या भाषेचा द्वेष करावा लागत नाही, याचे उदाहरण आम्हांला बेळगुंदीपलीकडे शोधायला नको.

एक गाव, दोन संमेलने

आता अवघड भागाकडे येतो. १९३९ मध्ये कारवारात एक परिषद भरली. ती मराठीची नव्हती, कन्नडचीही नव्हती. ती पहिली अखिल भारतीय कोंकणी परिषद होती. माधव मंजुनाथ शानभाग या कारवारच्या वकिलांनी ती भरवली. कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे, ती कुणाची बोली नाही, ही त्यांची भूमिका होती.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९५१ मध्ये, त्याच कारवारात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते अ. का. प्रियोळकर. ते गोव्याचे, कोंकणी घरातले, जुन्या मराठी ग्रंथांचे थोर संशोधक. आणि त्यांच्या मते कोंकणी ही मराठीचीच बोली. बेळगावला १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. पाच वर्षांनी संमेलन कारवारला नेण्यामागे काय भावना असेल, हे सांगायला नको.

एकाच गावात बारा वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन मेळावे कारवारचा सगळा पेच सांगतात. महाराष्ट्राने कारवार, सुपा, हल्याळ या तालुक्यांवर हक्क सांगितला तो कोंकणी आणि मराठी एकच, या आधारावर. हल्याळ-सुप्याच्या रानात मराठी बोलणारे मराठे, धनगर आजही आहेत. तिथे आपली बाजू वेगळी. पण कारवारच्या घराघरांत बोलली जाते ती कोंकणी. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. हे आपल्यातल्या कित्येकांना रुचले नाही. पण आपली भाषा कोणती हे बोलणाऱ्याने ठरवायचे असते. बेळगाव, खानापूरच्या माणसाला तू कन्नड आहेस असे दुसऱ्याने सांगितलेले आम्ही मानले नाही. मग कारवारच्या माणसाला तू मराठीच आहेस असे आम्ही तरी कोणत्या तोंडाने सांगावे?

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला मिळाला. बाकीचा बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारसह सारा उत्तर कानडा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. ९४ वर्षांपूर्वी कापसाने ओढलेली रेघ पुसली गेली. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले. बेळगाव शहर आणि कारवार मात्र जिथे आहेत तिथेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तो दावा अजून उभाच आहे. २७ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राच्या विधानसभेने ८६५ गावांचा ठराव पुन्हा एकमताने केला, त्यातही कारवारचे नाव आहे.

बैतकोलच्या धक्क्यावर

आम्ही कारवारला गेलो तेव्हा बैतकोलच्या धक्क्यावर एक वयस्क मच्छीमार जाळे विणत बसले होते. आम्ही मराठीत विचारत होतो, ते कोंकणीत उत्तर देत होते, आणि दोघांनाही दुभाष्याची गरज पडली नाही. आम्ही कुठले ते विचारले. मच्छे म्हटल्यावर हसले. ज्या गावाच्या नावातच मासा आहे तिथे समुद्र नाही, याची त्यांना मौज वाटली असावी.

बोलता बोलता त्यांनी घरची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील मराठी शाळेत शिकले होते आणि श्रावणात पोथी वाचत. ते स्वतः मराठीत चौथीपर्यंत गेले. त्यांचा मुलगा कन्नड शाळेत शिकला, नात इंग्रजी शाळेत जाते. वडिलांची पोथी अजून घरात आहे. आजोबा ती अडखळत वाचतात, मुलाला अक्षरे कळतात पण गोडी नाही, नातीला पाने उलटायला आवडतात. आम्ही विचारले, मग घरात बोलता काय? त्यांना प्रश्नच कळेना. कोंकणी, आणखी काय! भांडण, लाड, बाजार, देव, सगळे कोंकणीत.

आम्ही घोषणेचे विचारले. त्यांनी ती लहानपणी ऐकली होती. तिकडे आता ती कुणी देत नाही, असे ते शांतपणे म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यांच्या डोक्याला दुसरे घोर होते. नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पाची पायाभरणी १९८६ मध्ये झाली, २००५ मध्ये कदंब तळ सुरू झाला. त्यासाठी कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरची हजारो कुटुंबे उठली आणि मासेमारीच्या जागा गेल्या. वर काळी नदीवर धरणे झाली, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. देशाच्या कामासाठी हे झाले आणि देशाला त्याचा उपयोग आहे, हे खरे. १९६१ च्या डिसेंबरात याच अंजदीव बेटासाठी आपल्या नौदलाचे सात जवान कामी आले होते, हेही तिथला माणूस विसरलेला नाही. पण जमीन गेलेल्याचे दुःख जमीन गेलेल्यालाच कळते. हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ रान द्यावे लागलेल्या आपल्या शेतकऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. आम्ही ते बोललो तेव्हा त्यांनी जाळे खाली ठेवले आणि नीट ऐकून घेतले. त्या दोन तासांत आमची सर्वांत जवळीक झाली ती या विषयावर, घोषणेवर नव्हे.

निघताना आम्ही काळी नदीकडे पाहिले. गोव्याला जोडणारा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री नदीत कोसळला. शेजारच्या नव्या पुलावरून वाहतूक चालू होती. पूल वापरात असला तरी त्याची निगा लागते. ती ठेवली नाही तर एका रात्रीत तो जातो.

कारवारकडून काय घ्यावे?

कारवारला जाऊन आल्यावर घोषणा सोडून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. खटला न्यायालयात आहे. तो लढणारे लढतील आणि लढला पाहिजे. १७ जानेवारी १९५६ ला ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जे गेले, त्यांचे ऋण एका लेखाने फिटत नाही. आमचे म्हणणे एवढेच की घोषणेतले कारवार आणि समुद्राकाठचे कारवार या दोहोंमधले अंतर आपण ओळखावे. तिथल्या माणसाला आपला सोबती म्हणून भेटावे, दाव्यातली गावाची संख्या म्हणून नव्हे. त्याच्या कोंकणीलाही शाळेत जागा हवी आहे. कर्नाटकात २००७ पासून ती तिसरी भाषा म्हणून घेता येते; पण देवनागरी की कन्नड लिपी, या वादात तिची बरीच शक्ती जाते. मातृभाषेची शाळा हे त्याचेही दुखणे आहे आणि आपलेही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. कारवारमधून शाळेतली मराठी मागे सरली ती एका हुकमाने नव्हे. सरकारी धोरण होतेच, पण बाकीचे काम घराघरांत झाले. कुणाला नोकरीसाठी कन्नड सोयीचे वाटले, कुणाला इंग्रजी. तिथे कोंकणी तगली, कारण ती घरात होती. मराठी गेली, कारण ती शाळेपुरती आणि पोथीपुरती होती. आपल्याकडे मराठी घरातही आहे आणि शाळेतही आहे. पण सीमाभागातल्या किती मराठी शाळांचे वर्ग ओस पडत चालले आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन मोजावे. सरकारने कन्नड कागद दिला तर आम्ही मोर्चा काढतो आणि काढायलाच हवा, कारण भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क घटनेने दिलेले आहेत. पण मराठी शाळेतून मुलाचे नाव काढताना आपल्यावर कुणी सक्ती केलेली नसते. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत कन्नड बोलावे लागते, विद्यापीठात इंग्रजी लागते. या दोन्ही भाषा मुलांना उत्तम यायला हव्यात. त्यासाठी पहिल्या चार इयत्ता मराठीत गेल्या तर काय बिघडते, याचे उत्तर आम्हांला अजून कुणी पटेल असे दिलेले नाही.

सदाशिवगडाजवळच्या कणसगिरीत जन्मलेली जयश्री गडकर मराठी पडद्यावर आली तेव्हा महाराष्ट्राने तिला परकी मानले नाही. तिचा जन्म १९४२ चा. त्या पिढीला कारवारहून मराठीत यायला रस्ता होता. शाळा होती, नाटक होते, मुंबई होती. आजच्या पिढीला तो रस्ता उरला आहे काय, हा प्रश्न कारवारने आमच्यापुढे ठेवला आणि आम्ही तो घेऊन घरी आलो.

परतल्यावर त्या पोराला आम्ही बोलावले. नकाशा उघडून मच्छे, खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा असे बोट फिरवीत नेले आणि काळीच्या मुखावर ठेवले. "हे बघ कारवार." त्याने नकाशावरचे इंग्रजी नाव चटकन वाचले. मग आम्ही त्याच्यापुढे मराठी नकाशा ठेवला. ते नाव वाचायला त्याला थोडा वेळ लागला. तो इंग्रजी शाळेत जातो. त्याची धाकटी बहीण येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. तिचे नाव कोणत्या शाळेत घालायचे, ते अजून ठरायचे आहे.